महिनाभरात वाचलेल्या चार कादंबऱ्या
(विहाराच्या वाचन मंडळाच्या मासिक बैठकीत केलेले भाषण)



आपल्या मंडळाची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. प्रत्येक बैठकीत एका सभासदाने उभे राहायचे आणि गेल्या महिन्यात आपण काय वाचले, ते कसे वाटले, हे बाकीच्यांना सांगायचे. या वेळी ही पाळी माझ्यावर आली. मी काही समीक्षक नाही. चाळीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना बाराखडी शिकवली, एवढीच माझी साहित्यसेवा. म्हणून इथे जे बोलणार आहे ते एका साध्या वाचकाचे मत आहे असे समजावे. पटले तर घ्यावे, न पटले तर नंतर चहाच्या वेळी खुशाल भांडावे.

पण आधी एका प्रश्नाचे उत्तर मला द्यायचे आहे. मागच्या बैठकीत आपल्या कपाटासाठी पुस्तके घ्यायचा विषय निघाला. तेव्हा एका वडीलधाऱ्या भाऊंनी विचारले, "विहारात कादंबऱ्या कशाला? ग्रंथ घ्या, पोरांना स्पर्धा परीक्षेची पुस्तके घ्या. कादंबरी म्हणजे खोटी गोष्ट. रिकाम्या माणसाचा उद्योग." भाऊंचा प्रश्न मला मुळीच गैर वाटला नाही. वर्गणी गोळा करताना बिड्या वळणाऱ्या बाईच्या पदराच्या गाठीतली नोट आपण घेतो. त्या नोटेतून काय विकत घ्यायचे याचा हिशेब द्यावाच लागतो. तेव्हा मी ठरवले की या महिन्यात फक्त कादंबऱ्याच वाचायच्या आणि मग पाहायचे, भाऊंना काय उत्तर देता येते ते.

मी चार कादंबऱ्या वाचल्या. अण्णाभाऊ साठे यांची 'फकिरा', विभावरी शिरूरकर यांची 'बळी', उद्धव शेळके यांची 'धग' आणि सदानंद देशमुख यांची 'बारोमास'. पैकी दोन पूर्वी वाचलेल्या होत्या, पण तरुणपणी वाचलेले पुस्तक आणि साठी उलटल्यावर वाचलेले तेच पुस्तक यात फार फरक पडतो, बरं का!

थोडे मुळापासून सांगते. 'कादंबरी' हा शब्द आपल्याकडे आला तो बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथावरून. त्या ग्रंथाच्या नायिकेचे ते नाव. पण मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतले जाते, ती बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन', तिच्यात राजा-राणी नाहीत. ती १८५७ साली निघाली आणि तिचा विषय होता हिंदू विधवांची दुःस्थिती. म्हणजे आपल्या भाषेत कादंबरीचा जन्मच मुळी एका जळत्या सामाजिक प्रश्नातून झाला. पुढे मनोरंजनाच्या नावाखाली पुष्कळ काही लिहिले गेले ते सोडा. मूळ पाहिले तर 'रिकाम्या माणसाचा उद्योग' हे तिचे खरे वर्णन नव्हे.

आता पहिली कादंबरी, 'फकिरा'. अण्णाभाऊंचा जन्म १९२० सालचा, सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातील वाटेगावचा. शाळा त्यांना दीड दिवसाची असे सांगतात. वाटेगावहून पायी चालत कुटुंब मुंबईला गेले. पोरगा गिरणीत, रस्त्यावर, चळवळीत वाढला आणि ज्याला शाळेने उंबऱ्यात टिकू दिले नाही त्या माणसाने तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. 'फकिरा' १९५९ ची. १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. आणि ही कादंबरी त्यांनी अर्पण केली आहे ती बाबासाहेबांच्या लेखणीला. माणसाला तर कोणीही अर्पण करील, लेखणीला अर्पण करण्यात अण्णाभाऊंची समज दिसते.

कथा थोडक्यात अशी. राणोजी मांग गावासाठी दुसऱ्या गावाची जोगणी आणायला जातो आणि त्यात जिवानिशी मारला जातो. त्याचा मुलगा फकिरा. पुढे इंग्रजांच्या राज्यात दुष्काळ पडतो, माणसे उपाशी मरू लागतात, तेव्हा हा फकिरा धान्य लुटतो, खजिना लुटतो आणि भुकेल्यांना वाटून देतो. सरकार त्याच्या माणसांना, बायकापोरांना कोंडून ठेवते. त्यांना सोडवण्यासाठी फकिरा आपण होऊन सरकारच्या स्वाधीन होतो. पुढे काय होते ते सांगायची गरज नाही.

तरुणपणी मी हे वाचले तेव्हा घोडा, तलवार आणि दौड यांनीच भारावून गेले होते. या वेळी मला दुसरेच दिसले. लुटलेल्या धान्याचे फकिरा काय करतो, तिथे माझी नजर थांबली. तो घर भरत नाही. आधी ज्याच्या चुलीत विस्तव नाही त्याच्याकडे धान्य पोचते. चोर आणि बंडखोर यांच्यातला फरक व्याख्येने सांगायला गेलो तर तासभर लागेल. अण्णाभाऊ तो एका प्रसंगात दाखवून मोकळे होतात. आणखी एक. गावातले सगळे वरच्या जातीचे लोक दुष्ट, अशी सोपी मांडणी त्यांनी केलेली नाही. विष्णुपंत कुलकर्ण्यांसारखा, उपाशी माणसांच्या बाजूने उभा राहणारा माणूसही त्यात आहे. ज्याने स्वतः इतके सोसले त्या लेखकाने हा न्याय दाखवावा, याचे मला मोल वाटते.

माझी तक्रारही सांगते. या कादंबरीत सगळे फार वेगाने घडते. माणसे शूर तरी असतात, नाही तर पक्की नीच. मधला, डळमळणारा, भ्यालेला माणूस कमी दिसतो. आणि बायका आहेत, पण त्यांच्या मनात शिरायला लेखकाला सवड नाही. फकिरा स्वाधीन व्हायला निघाला त्या रात्री त्याच्या घरात बाईच्या मनात काय चालले होते, हे वाचायला मला आवडले असते. आमच्या मंडळातल्या तरुण मुलांना हे पटले नाही. ते म्हणाले, "बाई, आम्हाला असा एक तरी माणूस पाहिजे जो रडत नाही." त्यांचेही खरे आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना पुस्तकात फक्त दयेचा विषय म्हणून जागा मिळाली, त्यांना ताठ मानेचा नायक देणे हे लहान काम नव्हते.

दुसरी कादंबरी 'बळी'. विभावरी शिरूरकर हे टोपणनाव. लेखिकेचे खरे नाव मालती बेडेकर. कादंबरी १९५० सालची. ही 'फकिरा'ला लागून वाचली म्हणून फार बरे झाले, कारण दोन्हींच्या मुळाशी एकच कायदा आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्या कायद्याने काय केले? काही जमातींच्या माणसांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. गुन्हा करायची गरजच नाही, जन्माला आलात हाच गुन्हा. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय कुठे जायचे नाही आणि अनेकांनी तारेच्या कुंपणाच्या आत, सेटलमेंटमध्ये राहायचे. स्वातंत्र्य आले १९४७ साली. हा कायदा मात्र रद्द झाला १९५२ साली. म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावरही पाच वर्षे ही माणसे कुंपणातच होती. 'बळी' निघाली तेव्हा ते कुंपण जागेवर होते.

मालतीबाईंनी सोलापूरच्या अशा वसाहतीत काम केले होते. त्यामुळे पुस्तकात ऐकीव काही नाही. तिथली भांडणे, दारू, देवदेवस्की, पंचायतीचे निवाडे, हजेरीची घंटा, अधिकाऱ्यांचा रुबाब, सगळे डोळ्यांनी पाहिलेले. आबा नावाचा तरुण या चक्रातून बाहेर पडू पाहतो, आणि पुस्तकाचे नावच 'बळी' आहे, तेव्हा पुढचे तुम्ही ओळखाल. या कादंबरीने मला एक गोष्ट शिकवली. माणसाला फार काळ कुंपणात ठेवले की कुंपण त्याच्या डोक्यात उगवते. मग बाहेरची तार काढली तरी आतली निघत नाही. उलट जो ती काढायला जातो त्याचाच लोकांना राग येतो.

इथे आपल्या मंडळात चांगली चर्चा झाली होती ती सांगते. एका मुलीने विचारले, "पण बाई, हे त्यांनी का लिहावे? त्या काही त्या वस्तीतल्या नव्हत्या. पांढरपेशा घरातल्या बाईला आमच्या वेदनेवर पुस्तक लिहिण्याचा हक्क काय?" हा प्रश्न आपल्या साहित्यात फार जुना आहे आणि तो रास्त आहे. मी माझे मत देते. हक्क कोणालाही आहे, पण परीक्षा कडक आहे. लिहिणारा तिथे पाहुणा म्हणून गेला की माणूस म्हणून राहिला, हे ओळीओळीत कळते. मालतीबाई वस्तीला गोंडस करत नाहीत आणि किळसही करत नाहीत, म्हणून माझ्या हिशेबी त्या परीक्षेत पास आहेत. परंतु एक मर्यादा राहतेच. त्यांना कुंपणाच्या आतले दिसते, पण रात्री त्या कुंपणाबाहेर झोपायला जाऊ शकत होत्या. आत झोपणाऱ्याने लिहिलेले पुस्तक वेगळे होईल. म्हणून 'बळी' आणि 'फकिरा' ही जोडी एकत्र वाचावी, एक बाहेरून पाहिलेले आणि एक आतून उसळलेले.

तिसरी 'धग'. ही १९६० सालची, आपल्या विदर्भातली, अमरावतीकडची. उद्धव शेळक्यांनी तिच्यातली बोलणी वऱ्हाडी बोलीत लिहिली आहेत. मी ती आमच्या मोहल्ल्यात दुपारी बिड्या वळायला एकत्र बसणाऱ्या बायांना रोज थोडी थोडी वाचून दाखवली. हात चालू, कान मोकळे. बिडीचे काम असे आहे की डोळे आणि बोटे गुंतलेली असतात, पण कानाला काही काम नसते. त्या कानांसाठी मी वाचत होते.

'धग'ची नायिका कौतिक. नवरा महादेव, शिंपीकाम करणारा, पण कर्तबगारी नावाची चीज अंगात नाही. संसार ओढते ती कौतिक. आपले चांगले दिवस येतील, लेकरे शिकतील, मोठी होतील, या एका आशेवर ती राबते. एकेक आधार तुटत जातो. पुढे नवऱ्याला महारोग होतो. ती तरीही पाय रोवून उभी राहते आणि शेवटी जिने सगळ्यांना सांभाळले त्या बाईचेच मन ढासळते. या पुस्तकात खलनायक नाही. कोणी जमीनदार चाबूक घेऊन येत नाही. फक्त गरिबी आहे, आणि ती रोज थोडी थोडी भाजते. 'धग' हे नाव किती अचूक! आग लागली तर गाव धावून येते. धगीला कोणी धावत येत नाही.

वाचन सुरू झाले तेव्हा बायांची मला धास्ती होती की कंटाळतील. झाले उलटेच. तिसऱ्या दिवशी मला उशीर झाला तर एक मावशी म्हणाली, "कौतिकचं काय झालं ते सांगून जा, मग तुम्ही कुठंबी जा." महादेवावर त्या इतक्या चिडल्या की सांगता सोय नाही. एक जण मात्र गप्प होती. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाई, त्यालाबी कोणी शिकवलं नसंल, घर कसं चालवावं म्हणून." मी चाट पडले. लेखकाने महादेवाला सर्वस्वी वाईट का रंगवले नाही, याचे उत्तर त्या माउलीने एका वाक्यात दिले. तिची सही अजून अंगठ्याची आहे. वाचता येणे आणि पुस्तक समजणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी माझ्या ध्यानात आले.

शेवट ऐकून मात्र वाद झाला. एक तरुण सून म्हणाली, "एवढं राबून शेवटी हेच? मग वाचायचं कशाला?" माझेही मन इथे दोन ठिकाणी आहे. कौतिकला वाट नाही, कारण तिच्या भोवती संघटना नाही, शिक्षण नाही, हक्काची भाषा नाही. ती एकटी आहे. लेखक खोटी वाट दाखवत नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा. पण आपण वाचणाऱ्यांनी मात्र विचारले पाहिजे की कौतिक एकटी का पडली? आज आपल्या बचत गटात, आपल्या विहारात, अशी एखादी कौतिक कोपऱ्यात बसून तर नाही ना, जिचे आपण नावही विचारलेले नाही? कादंबरीने वाट दाखवली नाही तरी प्रश्न हातात ठेवला, तेवढे तिचे काम झाले.

चौथी 'बारोमास'. ही अलीकडची, २००२ सालची. लेखक बुलढाण्याकडचे. २००४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. नायक एकनाथ, शेतकऱ्याचा मुलगा, एम.ए., बी.एड. शिकलेला. नोकरी हवी तर संस्थेला द्यायला पैसे हवेत. पैसे हवे तर शेत विकायला हवे. शेत विकले तर खाणार काय? या चरकात ते घर पिळले जाते. बायको अलका शहरी वळणाची, तिला हा संसार पेलत नाही. भाऊ मधुकर वेगळ्याच वाटेने जातो. बाप सुभानराव जुन्या मातीचा. प्रत्येकाचे आपापल्या परीने बरोबर आहे, आणि तरीही घर मोडते.

ही वाचताना मला आपल्या जिल्ह्यातली पोरे आठवली. तिकडे कोरडवाहू शेती आणि आटलेली विहीर. इकडे आपली धानाची बांधी, रोवण्याच्या वेळी पाऊस दडी मारतो आणि कापणीच्या वेळी कडपा भिजवतो. पण डिग्रीचा कागद तोच, संस्थाचालकाचा दारचा ओटा तोच आणि 'पुढच्या महिन्यात पाहू' हे उत्तरही तेच. एकनाथ हा काही दलित कुटुंबातला नाही. तरी आमच्या मंडळातल्या बी.एड. झालेल्या एका मुलाने पुस्तक परत करताना मला म्हटले, "हे माझंच आहे." जातीच्या पलीकडे जाऊन दुसऱ्याच्या घराची भिंत आपल्या घराच्या भिंतीला लागून आहे हे कळणे, मला वाटते, हे व्याख्यानाने इतक्या सहज होत नाही. उलट बाजूनेही तसेच व्हावे. एकनाथसारख्या घरातल्या मुलाने 'फकिरा' वाचावी आणि म्हणावे, हे माझे आहे. तो दिवस मला पाहायचा आहे.

दोष म्हणाल तर पुस्तक लांबले आहे. एकच दुःख तीन-तीन प्रसंगांतून येते. आणि अलकाला थोडा अधिक न्याय मिळायला हवा होता. शिकलेल्या मुलीला शेणामातीच्या घरात घुसमट होते, तर ती वाईट होते असे नाही. आमच्या बायांनी ऐकली असती तर लेखकाला चार शब्द सुनावले असते.

आता चार पुस्तके मिळून मनात जे आले ते सांगते, आणि माझा खरा मुद्दा तोच आहे.

आपल्या माणसांनी गेल्या पन्नास वर्षांत कविता पुष्कळ लिहिल्या, आत्मकथने तर अशी लिहिली की साऱ्या मराठी साहित्याची मान वळली. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले, १९८० साली लक्ष्मण माने यांचे 'उपरा', १९८६ साली बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं'. ही नावे आपल्या कपाटात आहेत आणि असायलाच हवीत. त्या मानाने कादंबऱ्या कमी. बाबुराव बागुलांची 'सूड' १९७० ची. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'सनातन'ला २०२० चा सरस्वती सन्मान मिळाला. अशी आणखी नावे आहेत, पण कविता आणि आत्मकथनांच्या राशीपुढे ती थोडीच.

असे का झाले असावे? माझी समजूत अशी. ज्याला कधी बोलूच दिले नाही, तो पहिल्यांदा बोलायला उभा राहिला की 'मी' म्हणूनच बोलणार. 'मी हे सोसले' ही साक्ष आहे. साक्ष देणे आधी गरजेचे होते. पण साक्षीला एक मर्यादा असते. साक्षीदार आपल्या डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगू शकतो. कादंबरीकार मेलेल्या माणसाच्या मनात शिरू शकतो, न बोललेल्या बाईच्या मनात शिरू शकतो, एवढेच काय, ज्याने छळ केला त्याच्या घरातही जाऊन बसू शकतो आणि हा माणूस असा कसा झाला ते दाखवू शकतो. हे साक्षीच्या पुढचे काम आहे.

आपल्या जिल्ह्याचेच पाहा. इथून जवळ पवनी आहे. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन झाले आणि प्राचीन स्तूपाचे अवशेष निघाले. त्या दगडांवर दान देणाऱ्या उपासकांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याच वैनगंगेच्या काठी कोणीतरी आपल्या कष्टाच्या कमाईतून दगड दिला आणि त्यावर नाव कोरून घेतले. नाव राहिले. पण तो माणूस कोण, काय खात होता, कशाला भीत होता, घरात कोणावर रागावत होता, ते काही राहिले नाही. नाव दगड जपतो, माणूस जपायला गोष्ट लागते.

१९५४ साली बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि पराभूत झाले. इतिहासाच्या पुस्तकात हे एक वाक्य आहे. पण त्या दिवसांत सभेसाठी गावोगावहून पायी गेलेली माणसे, निकाल ऐकून ज्या घरात चूल पेटली नसेल ती घरे, त्यांची कादंबरी मला वाचायची आहे. गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन १९८८ साली झाले. गावे उठली, माणसे नव्या वसाहतींत गेली. जुन्या गावात जी बोडी होती, जो धुरा होता, ज्या झाडाखाली पंचायत भरत होती, ते आता पाण्याखाली आहे. मोबदल्याचे आकडे कागदावर आहेत. उठलेल्या बाईच्या मनाचा कागद कुठे आहे?

आणि एक नाव जड मनाने घेते. खैरलांजी. आपल्याच मोहाडी तालुक्यातले गाव. २९ सप्टेंबर २००६ या दिवशी एका बौद्ध कुटुंबातल्या चार जणांना तिथे ठार मारण्यात आले. मोर्चे निघाले, बातम्या आल्या, खटला चालला, २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने निकाल दिला, पुढे वरच्या न्यायालयात गेला. हे सगळे नोंदलेले आहे. पण त्या घटनेच्या आधी त्या गावात शेकडो साध्या सकाळी उजाडल्या असतील. शेजारी शेजाऱ्याकडे पाहत होता, पाणी भरत होता, शेतावर जात होता. मग शेजाऱ्याचे मन इतके कसे सडते? कुठल्या दिवशी, कुठल्या लहानशा गोष्टीपासून सुरुवात होते? याचे उत्तर निकालपत्रात सापडत नाही. ते धीराने, जबाबदारीने, गेलेल्या माणसांचा मान राखून कोणी कादंबरीत शोधले, तर पुढच्या गावाला सावध व्हायला मदत होईल. हे काम घाईने करण्याचे नाही आणि गाजावाजा करण्यासाठी तर नाहीच. पण करण्याचे आहे.

मग हे लिहायचे कोणत्या भाषेत? 'धग' मला हेच सांगून गेली. शेळक्यांनी वऱ्हाडी बोलीची लाज बाळगली नाही, म्हणून कौतिक जिवंत झाली. आपली झाडीबोली काय कमी आहे? 'डोळा' म्हणायच्या जागी आपली आजी 'डोरा' म्हणते, 'पाणी'ला 'पानी' म्हणते. शाळेत मीच मुलांचे हे उच्चार दुरुस्त करीत असे, कारण परीक्षेत ते लागते. परीक्षेसाठी प्रमाण भाषा शिकलीच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण मनातले दुःख परीक्षेच्या भाषेत येत नाही. आपल्या दंडारीत, खडी गंमतीत ही बोली रात्रभर लोकांना हसवते, रडवते. मंचावर चालते ती कागदावर का चालू नये?

म्हणून भाऊ, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी असे देते. स्पर्धा परीक्षेची पुस्तके घ्याच, कारण पोरांना पोट आहे. ग्रंथ घ्याच, कारण आपल्याला विचार पाहिजे. पण दहा पुस्तकांत दोन कादंबऱ्या असू द्या, कारण आपल्याला शेजारी पाहिजे. विचाराने माणसाला काय बरोबर ते कळते. समोरच्याला काय वाटत असेल हे कळायला त्याच्या घरात काही दिवस राहावे लागते, आणि सगळ्यांच्या घरी जाऊन राहणे कोणाला जमते? कादंबरी तेवढी सोय करते. आपण करुणा, करुणा म्हणतो, ती हवेत उगवत नाही. कौतिकसाठी डोळे पुसणाऱ्या त्या मावश्या दुसऱ्या दिवशी आपल्याच गल्लीतल्या एका आजारी बाईकडे डबा घेऊन गेल्या. मी त्यांना सांगितले नव्हते.

जाता जाता तीन लहान सूचना मंडळापुढे ठेवते. एक, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आठवड्यातून दोन दिवस दुपारी मोठ्याने वाचन व्हावे. नववी-दहावीच्या मुलींनी पाळीने वाचावे, म्हणजे त्यांचाही सराव होईल. दोन, प्रत्येक पुस्तकाच्या मागे एक कोरी वही लावावी, आणि वाचणाऱ्याने आपले मत चार ओळींत लिहावे. नुसते 'चांगले आहे' चालणार नाही. काय पटले आणि काय खटकले, दोन्ही लिहावे. तीन, घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून जुन्या गोष्टी त्यांच्याच शब्दांत लिहून घ्याव्यात. परे खणतानाच्या, तेंदूपत्त्याच्या हंगामातल्या, धर्मांतराच्या वेळी गावात काय झाले त्याच्या. आज ती टिपणे आहेत. उद्या तुमच्यातलीच एखादी मुलगी त्यांतून कादंबरी उभी करील. तिला लागणारे लाकूडफाटे आपण आत्ताच गोळा करून ठेवू.

पुढच्या महिन्यात बोलण्याची पाळी कोणाची ते अध्यक्ष सांगतीलच. त्यांना माझी एकच विनंती की माझ्या मतांना घाबरू नये. 'फकिरा'बद्दल मी जी तक्रार केली ती खोडून काढणारा कोणी उभा राहिला तर मला आनंदच होईल. चारही पुस्तके मी कपाटात परत ठेवली आहेत. 'धग' मात्र आता कपाटात नाही, ती त्या तरुण सुनेने घरी नेली आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी तिच्याकडे नंबर लावावा.



जय भीम! नमो बुद्धाय!